मिस फ्लॉरेन्स नाइटिंगेल : बाळंतिणीची खोली आणि स्वच्छ पाणी

महोत्सव म्हटला म्हणजे ज्यांचे ऋण आपणांवर आहे त्यांचे स्मरण ओघानेच आले. अशा स्मरणिकेत संतांची, धर्मगुरूंची व धर्मभगिनींची चरित्रे वाचावयास मिळतात आणि ते योग्यच आहे. परंतु परमेश्वर आपले कार्य करवून घेण्यास जी माणसे निवडतो ती सर्वच आपल्या उंबऱ्याच्या आतली असतात असे नाही. म्हणून आम्ही या प्रसंगी अशा एका बाईंचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो की, ज्या आपल्या ख्रिस्तसभेच्या सभासद नव्हत्या, ज्यांनी हिंदुस्थानच्या भूमीवर कधी पाऊल ठेवले नाही आणि ज्यांना स्वतःला मूलबाळही नव्हते. तरीपण खेड्यातील बाळंतीण व तिच्या खोलीतील पाणी यांचा विचार ज्यांनी आयुष्याची कित्येक वर्षे केला. त्या बाई म्हणजे मिस फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत.

त्यांचे नाव ज्याने ऐकिले नाही असा शिकलेला मनुष्य विरळा. रात्रीच्या वेळी हाती दिवा घेऊन जखमी शिपायांच्या खाटांमधून फिरणाऱ्या बाईंचे चित्र आपण सर्वांनी शाळेच्या पुस्तकात पाहिले आहे. पण त्या चित्राने एक नुकसानही केले. दिवा तेवढा लोकांच्या ध्यानात राहिला. आणि पाणी, मोरी व हिशेबाची वही या तीन गोष्टी विसरल्या गेल्या. आमच्या मते बाईंचे खरे मोठेपण दिव्यापेक्षा या तीन गोष्टींत अधिक आहे.

जुन्नर तालुक्यातील निमगाव सावा घ्या, किंवा आंबेगावच्या डोंगरपट्टीतील एखादी वाडी घ्या. घरात बाळंतपणाची वेळ आली म्हणजे पहिली हाक पाणी तापविण्यासाठी दिली जाते. ते पाणी कोठून आणिले, कशात साठविले, ज्या हातांनी ते घेतले ते हात कसे होते, आणि वापरून झाल्यावर ते कोठे वाहून गेले, या चार प्रश्नांवर माता व बालक या दोघांचेही प्राण अवलंबून असतात. नाइटिंगेलबाईंनी हे चार प्रश्न जगाला विचारावयास शिकविले. ते त्यांना कसे सुचले, आणि त्यांपायी त्यांना काय सोसावे लागले, तेच येथे सांगावयाचे आहे.

जन्म, शिक्षण व अंतरीची हाक

बाईंचा जन्म १८२० सालच्या मे महिन्याच्या १२ व्या तारखेस इटली देशातील फ्लॉरेन्स शहरी झाला आणि शहराचेच नाव मुलीस ठेवण्यात आले. घराणे इंग्रज व सधन होते. डर्बीशर व हँपशर या दोन परगण्यांत त्यांचे दोन मोठे वाडे होते. वडील विल्यम एडवर्ड हे विद्याव्यासंगी गृहस्थ. त्यांनी आपल्या दोन्ही मुलींस ग्रीक, लॅटिन, इतिहास व तत्त्वज्ञान हे विषय स्वतः शिकविले. धाकट्या फ्लॉरेन्सचा ओढा गणिताकडे विशेष होता. आईस मात्र तो ओढा फारसा रुचत नसे. कारण श्रीमंताघरच्या मुलीने गाणे, भरतकाम व पाहुण्यांचे आदरातिथ्य यांत निपुण व्हावे आणि चांगले स्थळ पाहून लग्न करावे, अशी त्या काळची रीत होती.

१८३७ सालच्या फेब्रुवारीत, वयाची सतरा वर्षे अद्याप पुरी व्हावयाची असता, परमेश्वर आपणांस त्याच्या सेवेसाठी बोलावीत आहे अशी जाणीव त्यांना झाली. ती सेवा कोणती हे त्यांना अनेक वर्षे उमगले नाही. पुढे खेड्यातील गरिबांच्या झोपड्यांतून आजाऱ्यांची शुश्रूषा करीत असता तो मार्ग त्यांना दिसू लागला. १८४५ साली त्यांनी जवळच्या सॉल्झबरी येथील रुग्णालयात काम शिकण्यासाठी परवानगी मागितली, तेव्हा घरात मोठा आकांत झाला. त्या काळी रुग्णालयात चाकरी करणाऱ्या बायका बहुधा अडाणी असत, त्यांपैकी कित्येकींस मद्याचे व्यसन असे, आणि प्रतिष्ठित घरातील मुलीने तेथे जाणे ही कुळाची बेअब्रू समजली जाई. परवानगी मिळाली नाही. बाईंनी रागावून घर सोडले नाही. पण हेतूही सोडला नाही. पहाटे घरातील मंडळी उठण्यापूर्वी दिव्याच्या उजेडात बसून त्या निरनिराळ्या देशांतील रुग्णालयांचे अहवाल वाचीत व टिपणे करीत. एका सज्जन व विद्वान गृहस्थाने त्यांना अनेक वर्षे मागणी घातली होती. तीही त्यांनी अखेरीस नाकारिली.

धर्मभगिनींच्या सहवासात

१८४७–४८ च्या हिवाळ्यात त्या रोम शहरी राहिल्या. तेथील त्रिनिता दे मोंती या मठातील माता सांता कोलोंबा यांच्याशी त्यांचा स्नेह जडला व त्या मठात त्यांनी काही दिवस एकांतवासात व प्रार्थनेत घालविले. आपली इच्छा बाजूस ठेवून ईश्वरी इच्छेस वाहून घेणे म्हणजे काय, याचा धडा त्यांना तेथे मिळाला आणि तो त्यांनी जन्मभर विसरला नाही. त्यानंतर १८५१ साली जर्मनीतील कैझरस्वर्थ येथील प्रॉटेस्टंट सेविकांच्या संस्थेत तीन महिने राहून त्यांनी शुश्रूषेचे शिक्षण घेतले. १८५३ साली त्या पॅरिस येथे कॅथोलिक धर्मभगिनींचे कार्य पाहावयास व शिकावयास गेल्या. पुढे कार्डिनल झालेले मॅनिंग यांच्याशी त्यांचा या काळात पत्रव्यवहार होता आणि आपल्या ख्रिस्तसभेत यावे की काय, असा विचारही त्यांच्या मनात घोळत होता. तसे घडले नाही. त्या अखेरपर्यंत आपल्या पूर्वीच्याच पंथात राहिल्या. पण धर्मभगिनींची शिस्त, त्यांचा निरपेक्षपणा आणि एका कामास जन्म वाहण्याची त्यांची रीत यांविषयीचा आदर त्यांच्या मनातून कधीही गेला नाही.

१८५३ सालच्या ऑगस्टात लंडन येथील आजारी स्त्रियांच्या एका लहान संस्थेची व्यवस्था त्यांच्याकडे आली. तेथे त्यांनी अगदी आरंभी काय मागितले? प्रत्येक मजल्यावर नळाने ऊन पाणी यावे, आणि जेवण वर चढविण्यासाठी यांत्रिक पाळणा असावा. जी परिचारिका पाण्याचे हंडे घेऊन दिवसभर जिने चढते-उतरते तिची शक्ती जिन्यातच संपते, आणि आजाऱ्याच्या वाट्यास काही उरत नाही, हे त्यांनी ओळखिले होते. दया ही पाण्याच्या नळापासून सुरू होते, ही बाईंची शिकवण आम्हांस प्रथम येथे दिसते.

स्कुटारीचे रुग्णालय

१८५४ साली रशियाविरुद्ध क्रायमियाचे युद्ध पेटले. जखमी इंग्रज शिपायांचे हाल वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध होताच देशात खळबळ उडाली. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे बाईंचे स्नेही होते. त्यांच्या विनंतीवरून बाई ३८ परिचारिका घेऊन निघाल्या. त्यांपैकी १० जणी कॅथोलिक धर्मभगिनी होत्या. त्यांतील पाच जणी लंडनच्या बर्मंडसी भागातील कृपाभगिनी असून माता मेरी क्लेअर मूर या त्यांच्या प्रमुख होत्या. मागाहून आलेल्या दुसऱ्या तुकडीतील काही धर्मभगिनींशी अधिकाराच्या प्रश्नावरून बाईंचे पटले नाही हे खरे. पण माता मेरी क्लेअर यांच्याशी जडलेला स्नेह त्या मातेच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १८७४ सालापर्यंत, अभंग राहिला.

४ नोव्हेंबर १८५४ रोजी मंडळी तुर्कस्तानातील स्कुटारी येथे पोहोचली. रुग्णालय म्हणजे तुर्की पलटणीची एक प्रचंड बराक होती. तिच्याखालील गटारे तुंबलेली, शौचकूप भरून वाहत असलेले, आणि अंथरुणे, साबण, पंचे यांचा पत्ता नाही. बाईंनी धुणावळीची सोय केली, स्वयंपाकाची व्यवस्था लाविली, कपडे विकत घेतले, आणि रात्री दिवा घेऊन फेऱ्या घातल्या. तरीदेखील त्या हिवाळ्यात मृत्यू कमी न होता वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ पर्यंत जाऊन पोहोचले.

मार्चमध्ये सरकारने पाठविलेले आरोग्य कमिशन तेथे आले. डॉ. सदरलंड व रॉलिन्सन इंजिनियर हे त्यातील प्रमुख होत. त्यांनी गटारे उपसली, भिंतींस चुना दिला, हवेस वाट केली, आणि पाण्याचा पाट तपासला तो त्यात एक मेलेला घोडा सापडला. म्हणजे रुग्ण जे पाणी पीत होते ते त्या मढ्यावरून वाहून येत होते! ही सारी घाण निघाल्यावर जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शेकडा २ च्या आसपास उतरले.

स्वदेशी परतल्यावर बाईंनी विल्यम फार या प्रसिद्ध संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने सर्व आकडे पुन्हा तपासले. तेव्हा एक कठोर सत्य त्यांच्यासमोर आले. शिपाई मुख्यतः जखमांनी मेले नव्हते. त्यांना घाण पाण्याने व घाण हवेने मारले होते. उत्तम शुश्रूषा, जागरणे, अश्रू, प्रार्थना हे सर्व असूनही गटार तुंबलेले असेल तर रुग्ण मरतात, ही गोष्ट त्यांच्या अंतःकरणात कायमची कोरली गेली. हे आकडे त्यांनी रंगीत वर्तुळाकृतींत मांडून मंत्र्यांपुढे व सेनापतींपुढे ठेविले. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र सभेने त्यांना सभासद करून घेतले; त्या सभेच्या त्या पहिल्या स्त्री सभासद होत.

खेड्यातील सुईणींची शाळा

लोकांनी कृतज्ञतेने जमविलेल्या निधीतून १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली, हे सर्वांस ठाऊक आहे. पण त्याच निधीतून निघालेल्या दुसऱ्या एका शाळेची गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते, आणि आमच्या विषयाचा गाभा तीच आहे.

त्या काळी इंग्लंडातील खेड्यांतही बाळंतपणे अशिक्षित सुइणींच्या हातून होत. त्यांना काही शिक्षण मिळावे म्हणून बाईंनी लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात बाळंतिणींसाठी एक स्वतंत्र कक्ष उघडविला. १८६२ पासून तेथे निरनिराळ्या खेड्यांतून पाठविलेल्या स्त्रियांस सहा महिने शिक्षण देऊन परत आपापल्या गावी धाडण्यात येऊ लागले. हेतू उदात्त होता, व्यवस्था प्रेमळ होती आणि शिकविणारे डॉक्टर नामांकित होते. गरीब स्त्रियांस तेथे निवारा मिळे व खेड्यांस सुईण मिळे.

परंतु कक्षात सूतिकाज्वर शिरला. ज्यांस आपल्याकडे बायका बाळंतरोगाचा ताप म्हणत तोच हा. बाळंतपण सुखरूप होई, मूल रडे, घरचे आनंदित होत. आणि दोन-तीन दिवसांनी आईस थंडी वाजून ताप भरे व ती हातची जाई. १८६७ साली मृत्यू इतके झाले की कक्ष बंद करावा लागला. बाईंनी सहा वर्षांचे आकडे मांडून पाहिले, तेव्हा दर हजार बाळंतपणांमागे सुमारे ३३ माता दगावल्या होत्या. त्याच काळी इंग्लंडात आपल्या घरी, झोपडीत का होईना, बाळंत होणाऱ्या स्त्रियांत हे प्रमाण हजारी ५ च्या आसपास होते. ज्या जागी मातांचे रक्षण व्हावे म्हणून बाईंनी द्रव्य व परिश्रम खर्चिले, तीच जागा त्यांना घरापेक्षा सहा पटींनी अधिक घातक ठरली होती.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. आपण काढलेली संस्था, आपल्या नावाचा निधी, आपली कीर्ती. अशा वेळी सामान्य मनुष्य काय करील? तो आकडे झाकील, दैवास बोल लावील, अथवा रुग्ण उशिरा आले असे सांगेल. बाईंनी यांपैकी काही केले नाही. कक्ष बंद झाल्यावर तो पुन्हा उघडण्याची घाईही त्यांनी केली नाही. उलट चार वर्षे खपून त्यांनी इंग्लंडातील व इतर देशांतील सूतिकागृहांचे आकडे गोळा केले आणि १८७१ साली सूतिकागृहांविषयी एक पुस्तक प्रसिद्ध केले, व त्यात स्वतःच्या कक्षाचे आकडेही छापले. ते पुस्तक त्यांनी सॉक्रेटिस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या आईच्या स्मृतीस अर्पण केले. कारण ती सुईण होती.

पुस्तकाचा सारांश असा. आजारी मनुष्य रुग्णालयात येतो तो रोग घेऊन येतो. पण बाळंतीण आजारी नसते, ती निरोगी येते. म्हणून ती मेली तर तो दोष बहुतांशी जागेचा व व्यवस्थेचा. बाळंतिणींस इतर रोग्यांच्या छपराखाली ठेवू नये. एका खोलीत खाटा थोड्या असाव्यात, व प्रसूतीची खोली निराळी असावी. खोल्या आळीपाळीने रिकाम्या करून धुवाव्यात व त्यांस चुना द्यावा. शवविच्छेदन करून आलेल्याने बाळंतिणीस शिवू नये. ऊन व थंड पाणी मुबलक व हाताशी असावे, आणि सांडपाणी दूर वाहून जावे. स्वच्छ कपडा मोजून नव्हे, लागेल तितका मिळावा. बाळंतीण बरी होताच तिला घरी पाठवावे. आणि प्रत्येक बाळंतपणाची, प्रत्येक मृत्यूची व त्याच्या कारणाची नोंद वहीत झालीच पाहिजे. काही ठिकाणी गरिबांच्या साध्या आश्रयगृहातील बाळंतिणी नामांकित रुग्णालयांपेक्षा अधिक वाचल्या होत्या, हेही त्यांनी आकड्यांनी दाखविले. इमारतीच्या थाटमाटाने आई वाचत नाही, एवढा अर्थ त्यातून कोणासही समजण्यासारखा होता.

सूतिकाज्वराचे खरे कारण मात्र बाईंस ठाऊक नव्हते. दूषित हवेने रोग होतो अशीच त्यांची त्या वेळी समजूत होती. व्हिएन्ना शहरी १८४७ साली डॉ. सेमेल्वाइस यांनी क्लोरीनमिश्रित चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घातला, तेव्हा त्यांच्या विभागातील मृत्यू एप्रिलात शेकडा १८ होते ते जूनमध्ये शेकडा २ वर आले. पण त्यांचे म्हणणे त्या काळच्या पुष्कळ डॉक्टरांनी मानिले नाही. पुढे १८७९ साली लुई पाश्चर यांनी या ज्वराचे जंतू पॅरिसच्या विद्वानांपुढे फळ्यावर काढून दाखविले. त्यानंतर सर्व उलगडा झाला. बाईंची उपपत्ती अपुरी होती, तरी त्यांचा उपाय खरा ठरला. कारण जो हात, जे पाणी व जी जमीन स्वच्छ आहे तेथे जंतूंसही थारा मिळत नाही.

हिंदुस्थानची चिंता

१८५९ साली हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्याविषयी राजकीय कमिशन नेमण्यात आले व त्याचा अहवाल १८६३ साली निघाला. त्यातील मोठे काम बाईंनी घरी आजारपणात पडून केले. छावण्याछावण्यांस प्रश्नपत्रिका पाठवून त्यांनी उत्तरे मागविली. येथील विहिरी, तलाव, पखाली व भिस्ती यांचे वर्णन त्यांच्या टिपणांत आहे. गोऱ्या शिपायांचे मृत्यू दरसाल हजारी ६९ होते असे त्या अहवालात दिसून आले. पुढील साली बंगाल, मद्रास व मुंबई या तीन इलाख्यांत आरोग्य कमिशने स्थापन झाली. पण छावणीच्या कुंपणाबाहेर घाण असता कुंपणाच्या आत आरोग्य कसे राहील? या एका प्रश्नाने बाईंचे लक्ष शिपायांवरून रयतेकडे, आणि रयतेकडून खेड्याकडे वळले, व ते शेवटपर्यंत तेथेच राहिले.

त्याच दशकात आपल्या पुण्यातही हे प्रश्न निराळ्या वाटेने पुढे आले होते. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली निराधार विधवांस गुप्तपणे व सुखरूप बाळंत होता यावे म्हणून आपल्या घरी आश्रय उघडला. आणि १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुला केला. स्वच्छ पाणी व सुरक्षित बाळंतपण ही श्रीमंतांची चैन नव्हे, तो दुबळ्यांचा हक्क आहे, हे त्यांनी कृतीने सांगितले.

१८७० साली स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेशीही नाइटिंगेलबाईंचा पत्रव्यवहार होता. खेड्यातील स्वच्छतेचे काम हिंदी लोकांनी स्वतः हाती घ्यावे, असा त्यांचा आग्रह असे. १८८५ साली लेडी डफरिन यांनी हिंदी स्त्रियांस वैद्यकीय मदत मिळावी म्हणून निधी काढला, तेव्हा स्त्रियांसाठी आरोग्याची सोपी पुस्तके तयार करण्याविषयी बाईंचा सल्ला घेण्यात आला. ही मदत किती निकडीची होती ते आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रावरून कळते. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना झालेले मूल दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून त्या डॉक्टर होण्यास अमेरिकेस गेल्या, १८८६ साली त्यांनी पदवी मिळविली, त्यांच्या प्रबंधाचा विषयही प्रसूतिशास्त्र हाच होता. आणि १८८७ सालच्या फेब्रुवारीत, बाविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, पुण्यात त्यांचा अंत झाला.

१८८९ साली मुंबई इलाख्यात ग्राम-आरोग्याचा कायदा झाला. बाईंनी त्याचे स्वागत केले. पण खेड्याच्या पंचांस अधिकार दिले आणि पैसा दिला नाही तर विहीर दुरुस्त कशाने होईल, असा त्यांचा रोखठोक प्रश्न होता. गावाकडून घेतलेल्या करातील भाग प्रथम त्याच गावाच्या पाण्यासाठी व स्वच्छतेसाठी खर्चावा, अशी मागणी त्यांनी १८९२ साली विलायतेतील हिंदुस्थानच्या मंत्र्यांकडे केली. तिला तात्काळ फळ आले नाही.

त्याच साली त्यांनी इंग्लंडातील बकिंगहॅमशर परगण्यात आणखी एक प्रयोग आरंभविला. सुशिक्षित स्त्रियांस आरोग्याचे शिक्षण देऊन, परीक्षा घेऊन, खेड्यातील घरोघर पाठवावयाचे. आणि त्यांनी उपदेशाचा ताठा न धरता गृहिणीची मैत्रीण होऊन पाणी, खिडकी, उकिरडा व तान्हे मूल यांविषयी बोलावयाचे. हीच योजना हिंदुस्थानच्या खेड्यांतही व्हावी म्हणून १८९४ सालच्या बुडापेस्ट येथील आरोग्य परिषदेसाठी त्यांनी निबंध पाठविला. भाषा व चालीरीती जाणणाऱ्या स्त्रियांखेरीज दुसरे कोणी घरात आतपर्यंत पोहोचू शकणार नाही, हे त्यांनी दूर बसून ओळखिले होते. आज आपल्या खेड्यांतून घरोघर फिरणारी आशाताई पाहिली म्हणजे आम्हांस या निबंधाची आठवण होते.

अखेरचे दिवस

क्रायमियाहून आणलेल्या दुखण्याने बाईंस कित्येक वर्षे खोलीबाहेर पडणे कठीण झाले होते. त्या खोलीतूनच त्यांनी हजारो पत्रे लिहिली व मंत्र्यांस कामास लाविले. वार्धक्यात दृष्टी गेली. १९०७ साली इंग्लंडच्या राजाने त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा बहुमान दिला. तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. १३ ऑगस्ट १९१० रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी लंडन येथे त्यांनी देह ठेविला. त्यांच्या इच्छेप्रमाणे मोठा समारंभ न करता हँपशरमधील ईस्ट वेलो येथील लहानशा देवळाच्या आवारात त्यांना पुरण्यात आले.

आपल्यासाठी धडा

बाई गेल्या, प्रश्न मात्र राहिला. १९४६ साली भोर समितीने खेड्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांची योजना सुचविली व १९५२ पासून ती केंद्रे निघू लागली. २००५ साली जननी सुरक्षा योजना व आशा सेविका आल्या आणि बाळंतपण घरातून केंद्राकडे वळले. हे फार चांगले झाले. पण नाइटिंगेलबाईंचा १८७१ सालचा इशारा येथेच ध्यानी धरावयाचा आहे. आईस घरातून बाहेर आणून ज्या जागी नेले ती जागा घरापेक्षा स्वच्छ असेल तरच तो उपकार होय. जागतिक आरोग्य संघटनेने व युनिसेफने २०१५ साली ५४ गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांची माहिती एकत्र केली, तेव्हा शेकडा ३८ आरोग्य केंद्रांस सुरक्षित पाण्याचा साधा पुरवठाही नव्हता, आणि शेकडा ३५ ठिकाणी हात धुण्यास पाणी व साबण नव्हते, असे आढळले. त्याच साली आपल्या देशात सरकारी आरोग्य संस्थांच्या स्वच्छतेसाठी कायाकल्प योजना निघाली, ती याच जाणिवेतून.

बाळंतपणाच्या वेळी पाळावयाच्या पाच स्वच्छता आपल्याकडे परिचारिकांस व सुइणींस शिकविल्या जातात : हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पाते स्वच्छ, नाळ बांधण्याचा दोरा स्वच्छ आणि नाळ स्वच्छ. या पाचांपैकी पहिल्या दोहोंस तरी पाण्यावाचून आरंभच होत नाही. आपल्या डोंगरपट्टीत पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, आणि उन्हाळ्यात बायकांस हंडाभर पाण्यासाठी वणवण करावी लागते. अशा दिवसांत केंद्राची टाकी कोरडी पडली तर परिचारिका कितीही कनवाळू असली तरी ती काय करणार?

म्हणून आमची आपणांस नम्र विनंती आहे. आपल्या गावच्या वा शेजारच्या उपकेंद्रात गेल्यावर चार गोष्टी आदराने पाहाव्या व विचाराव्या. टाकी भरलेली व झाकलेली आहे काय, आणि ती शेवटी केव्हा धुतली? प्रसूतीच्या खोलीजवळ नळ व साबण आहे काय? बाळंतिणीसाठी कडी असलेला व पाणी असलेला शौचकूप आहे काय? सांडपाणी शोषखड्ड्यात जाते की विहिरीकडे वाहते? उणे आढळल्यास कर्मचाऱ्यांवर रागावू नये; बहुधा त्यांनीही वर लिहून कळविलेले असते. ग्रामसभेत तो विषय मांडावा, आणि होण्यासारखे असेल तेथे आपल्या श्रमाने व द्रव्याने हातभार लावावा. उत्सवाच्या मांडवावर आपण जो खर्च करितो त्यातील थोडका अंश एका टाकीसाठी पुरेसा होईल.

पवित्र मरीया आपली नातलग एलिझाबेथ ही गर्भवती असल्याचे कळताच डोंगराळ प्रदेशातून लगबगीने तिच्या घरी गेली व सुमारे तीन महिने तेथे राहिली. तिने तेथे काय काय केले ते शुभवर्तमानकाराने सांगितले नाही. पण वृद्ध व गर्भवती स्त्रीच्या घरी गेलेल्या तरुण मुलीने विहिरीवरून पाणी आणले असेल, याविषयी आमच्या मनात तरी संशय नाही. आपल्या प्रत्येक देवळात बाप्तिस्म्याचे पाणी आपण स्वच्छ पात्रात, झाकून व आदराने ठेवितो. ज्या पाण्याने नवजात बालकास पहिले स्नान घालावयाचे तेही त्याच आदरास पात्र आहे. नाइटिंगेलबाईंनी जगाला हेच शिकविले. आणि जेथे आपली दया चुकीची वाट धरीत होती तेथे ती थांबविण्याचे धैर्यही दाखविले. परमेश्वर आपणां सर्वांस तसे प्रेम, तशी दक्षता व तसे धैर्य देवो, आणि आपल्या खेड्यापाड्यांतील प्रत्येक माता आपले बाळ कुशीत घेऊन सुखरूप घरी परतो, हीच या महोत्सवप्रसंगी आमची प्रार्थना आहे.